सोशीक

सुरतेत लिंबायतला किंवा उधन्याला कुणाच्या घरी गेलो की माझी नजर आधी छताकडे जाते. उधना-जळगाव लोहमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबं इथे पिढ्यांपासून राहतात. खाली यंत्रमाग आणि वर संसार, नाहीतर खाली संसार आणि वर एम्ब्रॉयडरीचं मशीन. दोहोंच्या मध्ये तो असतो, सहा इंच जाडीचा स्लॅब. पाहुण्यांना चहा मिळतो, मशीनला दसऱ्याला हार मिळतो, त्याच्याकडे मात्र गळती लागेपर्यंत कुणी बघत नाही.

दिसायला तो अगदी सपाट, पण भार आला की वाकतो. वाकल्याशिवाय त्याला ओझं पेलताच येत नाही. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. खोलीच्या मध्यावर स्लॅबचं पोट ताणलं जातं, म्हणून तिथे सळई खाली. बीमवर त्याची पाठ ताणली जाते, म्हणून तिथे सळई वर. जिथे दुखतं तिथे हात धरावा, इतकी साधी ही व्यवस्था.

किती वाकायचं यालाही मर्यादा आहे. आयएस 456 या आपल्या संहितेनुसार पाच मीटरच्या गाळ्यात त्याने एकूण 20 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली येऊ नये. फरशी आणि आतल्या भिंती झाल्यानंतर तर 14 मिलिमीटरच्या आसपासच थांबावं, नाहीतर भिंतींना तडे जातात, दारं अडकू लागतात.

हे सगळं तो आधी संगणकावर सांगतो. ‘सेफ’सारखं सॉफ्टवेअर त्याचे बारीक चौकोन पाडतं आणि प्रत्येक कोपरा किती खाली जाईल ते काढतं. पडद्यावर रंगीत नकाशा उमटतो, शेजारी झोळीसारखा लोंबणारा स्लॅब दिसतो. घरमालक ते पाहून घाबरतात. “भाऊ, एवढा लोंबेल का हो?” त्यांना समजावावं लागतं, की वाक डोळ्यांना दिसावा म्हणून तो कितीतरी पट वाढवून दाखवलाय.

मला काळजी वाटते ती पहिल्याच आकड्यावर समाधान मानणाऱ्यांची. तो आकडा तडा न गेलेल्या स्लॅबचा असतो. खरा स्लॅब भार घेताना पोटाला बारीक तडे जाऊ देतो आणि तोच भार वर्षानुवर्षं राहिला की सावकाश आणखी दबतो. या दबण्याला क्रीप म्हणतात. तडे आणि क्रीप धरून पुन्हा विचारलं, की पहिल्या उत्तराच्या दुप्पट-तिप्पट वाकही निघू शकतो. शिवाय त्याची स्मरणशक्ती दांडगी. संहितेत क्रीपचा गुणांक सातव्या दिवशी भार टाकला तर 2.2, अठ्ठाविसाव्या दिवशी 1.6 आणि वर्षाने 1.1. कोवळ्या वयात त्याच्या अंगावर विटांचे ढीग रचले, तर ती घाई तो आयुष्यभर विसरत नाही.

भाराचंही तसंच. घरासाठी चौरस मीटरला साधारण 200 किलो धरतात, हलक्या यंत्रांच्या कारखान्याला 500. घर म्हणून बांधलेल्या मजल्यावर मशीन चढवलं, तर संगणकातला तो भला स्लॅब आणि डोक्यावरचा हा, दोघे एकमेकांना ओळखणारही नाहीत.

आणि स्लॅब भरायचा दिवस! मिक्सरचा आवाज, घमेल्यांची रांग, सेंट्रिंगवाल्यांची धावपळ. आदल्या संध्याकाळी नीट बांधलेली वरची सळई पायांखाली दबत जाते. खाली तिला उचलून धरणारे आधार, ज्यांना खुर्च्या म्हणतात, पुरेसे नसतात. नकाशात ती स्लॅबच्या तळापासून 125 मिलिमीटरवर होती, आता 95 वर. तेवढ्याने तिथली ताकद जवळजवळ पाव कमी होते, आणि वाक रोखण्याची शक्ती सुमारे चाळीस टक्के. सळईचं वजन तेच, पैसे तेच, संगणकातला हिशोबही बरोबर. रस्त्यावर पुढे काढलेल्या गॅलरीत तर वरची सळईच तिला धरून ठेवते. ती दबली तर गॅलरीला दुसरा आधार नाही.

26 जानेवारी 2001 च्या भूकंपात कच्छपासून एवढ्या दूर सुरतेतही इमारती पडल्या. तेव्हापासून लोक खांबांविषयी विचारू लागले, स्लॅबविषयी अजून फारसं कुणी विचारत नाही.

तुमच्या घराचा स्लॅब भरला जाणार असेल, तर त्या दिवशी पेढे वाटण्याआधी शिडीने वर चढा. काँक्रीट पडायच्या आधी बीमजवळची आणि गॅलरीतली वरची सळई पायाने दाबून बघा. ती खाली गेली, तर काम थांबवा आणि खुर्च्या लावून घ्या.