आतली गळती

निसर्गाला रितेपण मानवत नाही, असे ॲरिस्टॉटलच्या काळापासून शहाणी माणसे सांगत आली. 1644 मध्ये तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने, पाऱ्याने भरलेली नळी उलटी केली असता तिच्या टोकाशी रिकामी जागा उरते, हे आपल्या मित्राला पत्राने कळवले, तेव्हा युरोपातील विद्वानांत मोठा वाद माजला. त्या वादात आपली धर्मगुरू मंडळीही हिरिरीने उतरली होती. 1647 मध्ये कपुचिन संघाचे व्हालेरियानो माग्नी यांनी वॉर्सा येथे हा प्रयोग जाहीरपणे करून दाखवला. पुढे जर्मनीतील ऑटो फॉन गेरिके यांनी हवा उपसण्याचा पंप बनवला. पण त्याची हकीकत जगापुढे प्रथम छापून आणली ती येशूसंघीय फादर गास्पार शॉट यांनी, 1657 मध्ये. ती वाचूनच इंग्लंडात रॉबर्ट बॉइल यांना स्वतःचा पंप करण्याची स्फूर्ती झाली.

हा इतिहास आम्हाला आठवतो याचे कारण असे की, 1997 च्या उपवासकाळात वसईतील आमच्या घराच्या मागल्या पडवीत आम्ही दोघा भावांनी हेच रितेपण निर्माण करण्याचा घाट घातला होता.

त्याचे मूळ बाबांच्या छंदात होते. दुर्बिणीसाठी सहा इंच व्यासाची काच त्यांनी आणली होती आणि आम्हा दोघांना हाताशी घेऊन ती कार्बोरंडमच्या भुकटीने महिनोन् महिने घासली होती. मग राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइड लावून तिला चकाकी आणली, दाढीच्या पात्याने तिच्या वक्रतेची परीक्षा केली. ही परीक्षा फ्रान्समधील फुको यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. पण घासून तयार झालेली काच म्हणजे आरसा नव्हे. उघडी काच शंभरातील जेमतेम चार भाग प्रकाश परतवते. बाबांनी सिल्व्हर नायट्रेट आणि साखरेच्या द्रावणाने तिच्यावर चांदीचा मुलामा चढवला होता. आमच्या खाडीच्या हवेत तो एका पावसाळ्यात काळवंडला. आता ॲल्युमिनियमच द्यावे, असे ते म्हणत. 1995 मध्ये ते वारले आणि काच फडक्यात गुंडाळून कपाटात गेली.

बाबांच्या मागे आम्हा भावांत वितुष्ट आले. कारण नेहमीचेच. बावखलापलीकडील वाडीचा तुकडा विकावा की राखावा, हा प्रश्न त्या वर्षांत वसईतील किती घरांत शिरला होता, हे वाचकांना सांगायला नको. एका छपराखाली राहून आम्ही कामापुरते बोलत होतो. हेल-बॉप धूमकेतू येणार अशी बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा आई म्हणाली, "बाबांची काच तेवढी पुरी करा. मला त्यातून तो तारा बघायचा आहे." आईचा शब्द मोडण्याइतके आम्ही अजून दुरावलो नव्हतो.

ॲल्युमिनियमच्या मुलाम्याची पद्धत 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियातील जॉन स्ट्राँग यांनी रुळवली. 1935 मध्ये माउंट विल्सनवरील 100 इंची आरशालाही ॲल्युमिनियम चढले. हवा काढलेल्या पात्रात टंगस्टनच्या तारेच्या वेटोळ्यावर ॲल्युमिनियमच्या तारेचे तुकडे अडकवायचे आणि वीज सोडायची. धातू वितळतो, मग त्याची वाफ होते आणि ती समोरच्या काचेवर जाऊन बसते. मात्र वाटेत हवा असेल, तर सारे फुकट. नेहमीच्या हवेत एखादा रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी मिलिमीटरचा दहाहजारावा भागही सरळ जाऊ शकत नाही. दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरवरून एका मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागावर आणला, तर तोच रेणू सुमारे अर्धा मीटर विनाअडथळा जातो. एवढे रितेपण आम्हाला हवे होते.

मुंबईच्या भंगार बाजारातून जुना रोटरी पंप, तेलाच्या वाफेवर चालणारा डिफ्यूजन पंप आणि दाब दाखवणारे पिराणी मापक मिळाले. पात्र म्हणून फूटभर व्यासाचा जाड पोलादी नळकांडा घेतला. त्याच्या झाकणावर बाहेरची हवा सुमारे 700 किलोंचा भार टाकणार होती, म्हणून पत्र्यात कसर केली नाही. थोरल्याने वेल्डिंग करून घेतले; धाकट्याने रबरी कड्या आणि विजेच्या तारांचे जोड बसवले. आरसा ठेवण्याच्या तिवईचे बोल्ट मात्र एकाने धरून व दुसऱ्याने आवळून बसवले.

पंप सुरू झाले. काटा भराभर खाली आला आणि हव्या त्या दाबाच्या अलीकडेच अडून बसला. तेथून तो हलेना. कोठेतरी गळती होती. थोरला म्हणे, रबरी कडी नीट बसलेली नाही. धाकटा म्हणे, वेल्डिंगला भोक आहे. संध्याकाळमागून संध्याकाळ आम्ही कुंचल्याने एकेका जोडावर स्पिरिट लावून पाहत होतो. पात्राला जोडलेल्या विद्युत्-नळीत हवेचा गुलाबी उजेड असे. स्पिरिट आत शिरले असते, तर तो निळसर पांढरा झाला असता. तो गुलाबीच राहिला. आम्ही एकमेकांच्या कामाचा प्रत्येक इंच तपासला. आपापल्या कामाकडे कोणी फिरकले नाही.

झावळ्यांच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ घरी आले. त्यांची हयात अशा पंपांत गेली होती. त्यांनी पात्र पंपापासून तोडले आणि हातातले घड्याळ व मापकाचा काटा यांकडे पाहत स्वस्थ बसून राहिले. दाब आधी झपाट्याने वाढला, मग मंदावला आणि जवळजवळ थांबला. ते हसले. "बाबांनो, बाहेरून हवा शिरत असती, तर काटा एकसारखा चढत राहिला असता. बाहेर कसली गळती शोधता? आत बघा."

तिवईचे चार बोल्ट बंद तळाच्या भोकांत आवळलेले होते. त्यांच्या आट्यांखाली चिमूटभर हवा कोंडली होती आणि ती तासन् तास थोडी थोडी सुटत होती. पंपाने कितीही उपसले, तरी ती संपत नव्हती. उपाय साधा होता. लेथवाल्याकडून प्रत्येक बोल्टच्या मधोमध आरपार बारीक भोक पाडून आणायचे, म्हणजे कोंडलेल्या हवेला वाट मिळते.

ते बोल्ट खोलताना आम्ही बराच वेळ गप्प होतो. पापनिवेदनाला जाल तेव्हा दुसऱ्याची पापे सांगू नका, असे लहानपणी धर्मशिक्षणात शिकवले होते, ते आठवत होते. त्या रात्री थोरल्याने सांगितले की, वाडीच्या त्या तुकड्यासाठी त्याने एका बिल्डरकडून गुपचूप बयाणा घेतला आहे. धाकट्याने सांगितले की, तो महिन्यापूर्वीच वकिलाला भेटून आला आहे. दोघांनाही दुसऱ्याचा राग येण्याऐवजी स्वतःची लाज वाटली. आई आतल्या खोलीत जपमाळ म्हणत होती. तिने ऐकले असावे. कारण तिचा आवाज मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात आम्ही पुन्हा पंप सुरू केले. या वेळी काटा अडला नाही. नळीतला गुलाबी उजेड फिकट होत होत विझला. वीज सोडताच तार लाल, पिवळी, मग पांढरी झाली. ॲल्युमिनियम वितळून तिला बिलगले आणि काही सेकंदांत काचखिडकीवरही मुलामा चढून आतले दिसेनासे झाले. तीत आमचेच दोन चेहरे दिसू लागले. सगळ्या आरशावर बसलेला धातू हिशेबाने जेमतेम पाच मिलिग्रॅम होता; त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतकी. एवढ्यासाठी आम्ही उपवासकाळभर हवा उपसत होतो!

आरसा बाहेर काढला, तेव्हा त्याच्या कडेशी एका अंगठ्याएवढ्या जागी थर धरला नव्हता. काच धुतल्यावर कोणाचा तरी हात तिला लागला होता. हाताचा तेलकटपणा डोळ्यांना दिसत नाही, पण धातू तेवढ्या जागी काचेला धरत नाही. अंगठा कोणाचा, याची चौकशी आम्ही केली नाही.

एप्रिलमधील एका संध्याकाळी वायव्येस धूमकेतू उभा होता. आईने दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांना दिसला असता." पुढे वाडीची वाटणी झालीच. बयाणा परत गेला, पण धाकट्यालाही आपल्या हट्टातील काही सोडावे लागले. सारे मनासारखे झाले, असे म्हणता येणार नाही. वकिलाची पायरी मात्र चढावी लागली नाही.

प्रभू येशूने स्वतःला रिक्त केले, असे संत पौल फिलिप्पैकरांना लिहितात. ते वचन आम्ही पूर्वी अनेकदा ऐकले होते. आपले मन रिते करायला बसल्याशिवाय त्यात काय काय कोंडून ठेवले आहे ते कळत नाही, हे मात्र त्या चार बोल्टांनी शिकवले.

आई आज हयात नाही. आरसा आहे. दोन वेळा मुलामा उतरवून नवा द्यावा असे मनात आले, पण हात झाला नाही. कडेचा तो डाग तसाच आहे. तेवढ्या डागाने प्रतिमा बिघडत नाही. तेवढा प्रकाश कमी येतो, इतकेच.