सागर आणि सहस्रकुंड

सेमिनरीतील आम्ही तिघे मित्र दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात होडीने अर्नाळ्याच्या बेटावर गेलो. सोबत जळकोटचे एक वयोवृद्ध प्रापंचिक होते. सागर त्यांनी प्रथमच पाहिला. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन ते उद्गारले, "फादर, एवढं पाणी अन् पिता येईना!"

आम्ही हसलो, ते हसले नाहीत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला ५ लाख लिटर पाणी आले, त्या उन्हाळ्यात त्यांनी बैल विकले होते.

श्रावणात आम्ही त्यांना पैनगंगेवरील सहस्रकुंड दाखविले. काळ्या कातळावरून कोसळणाऱ्या धबधब्यापुढे ते बराच वेळ निःशब्द उभे होते. मग म्हणाले, "हे गोड हाय, पर थांबंना."

पुढच्या पावसाळ्याआधी आम्ही चर्चच्या छपराचे पाणी विहिरीत वळविले. पन्हळ त्यांनीच बसविली.