खालाला सगळं ठाऊक असतं

आमच्या बीडकडच्या मुस्लिम घरांत रहस्यकथा आली ती उर्दूतून, इब्ने सफी यांचा हात धरून. 'जासूसी दुनिया'ची पुस्तके पाने सुटेपर्यंत घरोघर फिरत. ज्याला उर्दू येत नसे, त्याला कुणीतरी वाचून दाखवी. असरार अहमद हे त्यांचे खरे नाव. 1928 साली तेव्हाच्या अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावी त्यांचा जन्म झाला. उर्दूत अश्लील मजकुराखेरीज काही खपत नाही, असे एका बैठकीत कुणीतरी म्हणाले. ते त्यांना खुपले. मार्च 1952 मध्ये 'दिलेर मुजरिम' निघाली आणि मालिका सुरू झाली. त्यांचा फरीदी आम्हाला आपला वाटे. नाव आपले, जबान आपली, वर कायद्याची बूज राखणारा. पण तो मोठ्या शहरातला, मोटारी आणि हॉटेलांतला. आमच्या गल्लीत तो कधी आलाच नाही.

लहान गावात रहस्यकथा कशी उगवते, हे आम्हाला पुढे ॲगाथा ख्रिस्तींनी दाखवले. 1926 च्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'मध्ये डॉक्टरची एक बहीण आहे, कॅरोलाइन. घरबसल्या साऱ्या गावाची खबर ठेवणारी. ख्रिस्तींचे हे लाडके पात्र. मिस मार्पल त्यातूनच सुचली असावी, असे त्यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे. शिवाय त्यांच्या आजीच्या मैत्रिणी होत्याच. 1930 च्या 'द मर्डर ॲट द व्हिकरेज'पासून ही विणकाम करणारी म्हातारी कादंबऱ्यांत वावरू लागली. तिच्याकडे ना पिस्तूल, ना वर्दी. खून झाला की तिला गावातलीच एखादी जुनी, क्षुल्लक गोष्ट आठवते आणि त्यावरून ती माणूस ओळखते. सेंट मेरी मीड हे खेडे काल्पनिक, पण तिथली माणसे जगात कुठेही भेटतील.

ते वाचताना आम्हाला आमच्या मोहल्ल्यातल्या खाला आठवल्या. दारात तांदूळ निवडत बसलेली खाला मान वर करत नाही, पण कोण कुणाच्या घरी किती वेळ बसले, कुणाची सून माहेरी गेली ती परत का आली नाही, हे तिला बरोबर ठाऊक. रहस्याला लागणारा मालमसालाही आमच्याकडे कमी नाही. निजामशाहीतल्या सलाबत खानाने सोळाव्या शतकात बांधलेली खजाना बावडी आहे. दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला गेली की सहा-सहा महिने कुलूप लागलेली घरे आहेत.

मग बीडची मिस मार्पल कुणी का लिहिली नाही? आमच्या मते कारण एकच. तिकडची म्हातारी शेवटी बोलते, आमची खाला बोलत नाही.

2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. त्या मुली गेल्या कुठे, हे शोधायला कुणा फरीदीची गरज नव्हती. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा. तरी गावोगावी जाणती माणसे गप्प राहिली. यात सगळ्या जातीधर्मांची माणसे आली, आपण वेगळे नाही. 'स्टोव्ह भडकला' म्हणून किती सुनांवर माती पडली, तेव्हा आसपासच्या बायकांना काय ऐकू आले होते? घराची इज्जत, बिरादरीचा धाक, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढली तर आपल्यावरच संशय यायचा, ही भीती. या तिन्हींनी खालाचे तोंड शिवले. भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण गप्प राहिल्याने ती कमी झाली, असेही कधी दिसले नाही.

शहरी रहस्यकथेत प्रश्न असतो, गुन्हा कुणी केला? आमच्या गावात तो प्रश्न उरतच नाही. सगळ्यांना माहीत असताना पहिल्यांदा बोलायचे कुणी, हेच आमचे रहस्य. त्यावर एक नव्हे, दहा कादंबऱ्यांची मालिका होईल. ती बाहेरून पाहणाऱ्याला जमायची नाही, कारण त्याच्यासमोर खाला पदर सावरून आत निघून जाते. ती आपल्या लेकीबाळींनीच लिहावी. खालाजवळ बसावे, चार तांदूळ निवडू लागावे, घाई करू नये. ती बोलेल. पुष्कळ वर्षांचे साचले आहे तिच्याकडे.