अळणी पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तीन दिवस मी वडिलांच्या तोंडचे शब्द वहीत उतरवून घेत होते. त्या वहीविषयी लिहावे की लिहू नये, याचा निर्णय बरेच दिवस होत नव्हता. मराठी शिकवणाऱ्या माणसाने ते लिहिलेले बरे, असे आता वाटते.

आम्ही मूळचे सानगडीचे, साकोली तालुक्यातले, जातीने ढिवर. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजाने शेतीसाठी बांधलेले तलाव आणि बोड्या, त्यांत ढिवरांची जाळी, अशी ही जुनी मांडणी आहे. मालगुजारी गेली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी' झाले. सरकारी कागदांवर त्याचेच पुढे 'मामा तलाव' असे लघुरूप रूढ झाले. (कारकुनी भाषेतही अधूनमधून कविता घडते, ती अशी.) पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. बाबांचे आयुष्य त्यांतल्या तीन-चार तलावांवर गेले. आई गेल्यावर मी त्यांना माझ्या नोकरीच्या गावी आणले.

बाबांच्या बोलीत 'ण' नाही आणि 'ळ'ही नाही. पाण्याचे 'पानी' होते, डोळ्याचा 'डोरा' होतो. झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी साकोलीतच बसून उभा केला. माझी वही त्यामानाने किरकोळ होती. तरी मासेमारीतले, जाळ्याचे, पाण्याच्या रंगाचे म्हणून दोन-अडीचशे शब्द तिच्यात जमले होते, आणि त्यांवर एखादा निबंध लिहिण्याचा माझा मनसुबा होता.

त्या मे महिन्यात बाबा निराळेच शब्द बोलू लागले. तांब्याला 'बोडी' म्हणाले. खिडकीकडे बोट दाखवून 'सांडवा उघड' म्हणाले. छताच्या पंख्याला 'जारा', म्हणजे जाळे, म्हणाले. मी चकित झाले आणि लिहून घेतले. लक्षणेचे उदाहरण म्हणून वर्गात सांगता येईल, असेही मनात आले. पाणी धरते ती बोडी, पाणी वा वारा सोडतो तो सांडवा! तिसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली आणि दुपारी त्यांना आकडी आली.

रक्तातले सोडियम ११६ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते. डॉक्टरांनी विचारले, "मॅडम, मीठ किती खातात? आणि पाणी?" दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे होती, कारण दोन्ही गोष्टी मीच ठरवल्या होत्या. रक्तदाब निघाल्यापासून त्यांचे जेवण मी जवळजवळ अळणी केले होते, आणि उन्हाळा म्हणून तासातासाला पेला पुढे करत होते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू होतीच. रक्त असे पातळ झाले की पाणी पेशींत शिरते, मेंदूच्या पेशी सुजतात आणि माणूस शब्द चुकू लागतो. ज्याला मी लक्षणा समजत होते ते लक्षण होते.

मीठ भरून काढायचे तर ते हळूहळू, असे डॉक्टर म्हणाले. चोवीस तासांत आठ-दहा अंकांपेक्षा अधिक चढता कामा नये, घाई केली तर मेंदूला कायमची इजा होते. त्या खाटेशेजारी बसून थेंब मोजताना मला हंडा आठवला.

मी लहान असताना बाबा मत्स्यबीज आणायला जात. रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली हंड्यातून, आणि पुढे प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येत. निघताना बाबा त्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकत. "पोरं घाबरतेत, त्याहिले मीठ लागते," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. तलावावर आल्यावर पिशवी लगेच उपडी करायची नाही. ती पाण्यावर तरंगत ठेवायची, तलावाचे पाणी ओंजळीने थोडे थोडे आत घालायचे, मग तोंड मोकळे करायचे. मला त्या वेळी कंटाळा येई.

बाबा घरी आल्यावर आमच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना मी मिठाचे कारण विचारले. सरांनी खडू घेतला आणि स्टाफरूमच्या फळ्यावर कल्ला काढला. मला समजले ते असे.

गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त आपल्यासारखेच खारट असते, भोवतालच्या पाण्यात मात्र मीठ नावापुरते. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून पाणी सतत आत घुसते आणि मीठ सतत बाहेर झिरपते. हा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, उलट पातळ मूत्र वाटे ते अखंड बाहेर टाकत राहतो. गेलेले मीठ थोडे अन्नातून मिळते. उरलेले कल्ल्यांवरच्या काही खास पेशी त्या अळणी पाण्यातूनच, जवळजवळ कणाकणाने, वेचून आत ओढतात. ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात हे दाखवून दिले. त्याला नोबेल मात्र त्याआधीच, १९२० साली, केशवाहिन्यांवरच्या कामासाठी मिळाले होते. घाबरलेल्या, हाताळलेल्या माशाच्या कल्ल्यांतून मीठ अधिक वेगाने गळते. बाहेरच्या पाण्यात मीठ घातले की आतबाहेरचा उतार कमी होतो आणि गळतीही मंदावते. बाबांची चिमूट ती हीच.

"आणि चुना?" मी विचारले. जंगलाला लागून असलेल्या एका बोडीत पानगळ कुजून पाणी चहासारखे होई. बाबा ते ओंजळीत घेऊन जिभेला लावत. "पानी आंबट आहे," म्हणत, आणि बीज सोडण्याआधी तिच्यात चुना टाकत.

सर खुलले. आम्लाची मोजपट्टी मोठी फसवी असते, ते म्हणाले. पाण्याचा सामू सातावरून चारावर आला म्हणजे तीन पायऱ्या उतरला असे नव्हे, आम्लता हजारपट झाली. मासा एक सोडियमचा कण आत घेतो तेव्हा बदल्यात हायड्रोजनचा एक कण बाहेर लोटतो. बाहेरच हायड्रोजनची गर्दी झाली की तो लोटणार कुठे? आवक थांबते. शिवाय कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे कॅल्शियमने घट्ट धरलेले असतात. आम्ल ते कॅल्शियम उखडते, सांधे सैल पडतात आणि मीठ दुप्पट-चौपट वेगाने वाहून जाते. मग रक्तातले पाणी पेशींत शिरते, रक्त दाट होते, हृदयाला ते ढकलता येत नाही. चुना या दोन्ही ठिकाणी कामी येतो. आम्लता मारतो आणि कॅल्शियमही पुरवतो. कोळशाच्या धुरातून आलेल्या आम्लवर्षेने दक्षिण नॉर्वेची सरोवरे मासेरहित झाली, तेव्हा तिथल्या सरकारने होड्यांतून आणि हेलिकॉप्टरांतून चुनाच टाकला.

पण सगळेच मासे असे मरत नाहीत. जपानमधल्या ओसोरेझान येथील ज्वालामुखी सरोवराचा सामू साडेतीनच्या आसपास आहे, आणि त्यात उगुई नावाचा मासा राहतो. त्याच्या कल्ल्यांत मीठ वेचणाऱ्या पेशी इतर माशांहून पुष्कळ अधिक आहेत. तो स्वतःच्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांपाशी सोडतो, त्याने तेवढ्याच जागेतले आम्ल शोषले जाते आणि देवघेवीला वाट मिळते. अंडी घालायला मात्र तो शेजारच्या साध्या पाण्याच्या ओढ्यात जातो. ॲमेझॉनच्या रिओ नेग्रोत तर पाण्याला काळे करणारी कुजल्या पानांची द्रव्येच माशांच्या कल्ल्यांचे काही अंशी रक्षण करतात म्हणे. म्हणजे आमच्या बोडीतला तो चहासारखा रंग सर्वस्वी शत्रू नसावा. सरांना हे वाक्य मी पटवू शकले नाही.

संतकवितेपासून आपण माशाला पाण्याबाहेरच तडफडताना पाहत आलो आहोत. 'जीवन' या शब्दाचा पाणी हाही अर्थ असल्याने तो श्लेष आपल्याला आयता मिळाला, आणि आपण तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. पण भरल्या पाण्यात, काहीही तडफड न दिसता, मासा आतून अळणी होत जातो, ही प्रतिमा मला आपल्याकडे कुठे आढळली नाही. ढिवराच्या घरात जन्मून माझ्याही ती मनात आली नव्हती. मी विरहाच्या प्रतिमा शिकवत होते आणि घरी पेला पुढे करत होते.

बाबा सावरले. आता मीठ डॉक्टरांनी सांगितले तेवढे, पाणी तहानेइतके, आणि ती गोळी बदलली आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी मी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्या तीन दिवसांची चार पाने मी फाडणार होते, पण त्यांत खरे शब्द किती ते आधी विचारावेसे वाटले. त्यांना वाचता येते, सावकाश. चष्मा लावून त्यांनी एकेक शब्द पाहिला. 'बोडी'वर हसले. 'सांडवा' वाचून मान हलवली, "हे काई आपलं नाही, माय." आत्याचे नाव आले तेव्हा थोडे थांबले.

मग पंख्याच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवले.

"हे काऊन खोडतेस? हे बरोबर आहे. पंख्याले जारा लागला होता."

मी वर पाहिले. पात्यांच्या मुळाशी कोळ्याचे जाळे होते, बरेच जुने.