हात कुणी लावला होता?

वस्तू बिघडली की आमच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला: 'हात कुणी लावला होता?' रेडिओ घरघरायला लागला तेव्हा संशय माझ्यावरच आला. दुरुस्तीवाल्या काकांनी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, धूळ फुंकली आणि करंगळीएवढा कंडेन्सर वडिलांपुढे धरला. 'हा फुगलाय, बघा. पोराचा काय दोष?' मी सुटलो, आणि तेही पुराव्यानिशी.

पुढे मिक्सर आला. ओलं खोबरं वाटताना भांडं फिरेनासं झालं की आईला ऐकून घ्यावं लागायचं, 'एकदम भरतेस किती!' बहुतेक वेळा झिजलेला असायचा तो खालचा कपलर. तो झिजणारच, बदलण्यासाठीच असतो तो.

फोनचं झाकण मात्र आपल्याला उघडताच येत नाही. भर पावसाळ्यात चिपळूणला माझा फोन चार्ज होईना. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने सिमच्या खाचेत टॉर्च मारून आतला पांढरा ठिपका लाल झालेला दाखवला. 'पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही.' फोन पाण्यात पडलाच नव्हता. तो ठिपका सांगतो काय, तर तिथवर पाणी पोचलं. बिघाड त्यानेच झाला का, की सील मुळातच कच्चं होतं, हे त्यावरून कसं कळणार? त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या हातात काहीच नव्हतं. राग आहे तो विकताना पावसात भिजणारा फोन दाखवणाऱ्या आणि बिघडल्यावर पावसाकडे बोट दाखवणाऱ्या कंपनीवर.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, नवा २०१९ चा. दोष नुसता बघून कळत नसेल तर जिल्हा आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तरतूद मोलाची आहे. पण तपासणीची फी आयोग तक्रारदारालाच आधी भरायला सांगू शकतो. महागड्या फोनसाठी कुणी भरेलही, मिक्सरसाठी कोण भरणार? मग लोक चरफडतात, नवा घेतात आणि घरात पुन्हा कुणाच्या तरी हातावर खापर फुटतं, बहुधा बाईच्याच.

वॉरंटीच्या मुदतीत तरी दोष वापरणाऱ्याचा आहे हे कंपनीनेच सिद्ध करायला हवं. फोन माझ्यासमोर उघडा, कोणता भाग गेला आणि कशामुळे ते लेखी द्या, काढलेला भाग माझ्या हातात ठेवा, असं मी तक्रारीत लिहिलं आहे.