वाघ्याची पिशवी

परवा सौभाग्यवतींनी माझा लेंगा दोन बोटांच्या चिमटीत धरून अंगणात आणला आणि विचारले, "अहो, हा खिसा आहे की खाटकाचं दुकान?"

प्रश्न रास्त होता. खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे होते, तेही आदल्या संध्याकाळचे; आणि दिवस श्रावणातले होते. मी चोरी उघडकीला आलेल्या माणसासारखा खाली मान घालून उभा राहिलो. वाघ्या मात्र मान वर करून, मोठ्या भक्तिभावाने, लेंग्याकडे पाहत होता.

वाघ्या आमचा कुत्रा. जातीने निव्वळ गावठी. भोसरीतल्या ज्या कारखान्याच्या टूलरूममध्ये मी तेहेतीस वर्षे कानस चालवली, त्याच्या फाटकाशी त्याचा जन्म झाला. निवृत्तीच्या दिवशी मला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि नारळाच्या मागोमाग हे पिल्लूही घरी आले. सूनबाईंनी 'ब्रूनो' नाव सुचवले होते. पण आमचे कुलदैवत खंडोबा, त्याच्या दारी कुत्र्याचा मान मोठा. तेव्हा वाघ्या हेच नाव कायम झाले.

शिकवण्याची गरज पडली ती ज्येष्ठात. आम्ही निगडीला प्राधिकरणात राहतो. (1972 साली निघालेले ते प्राधिकरण 2021 साली बरखास्त झाले; पण रिक्षावाल्याला अजून 'प्राधिकरण' म्हटल्याशिवाय पत्ता कळत नाही.) त्या दिवशी मोशीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला वाघ्याच्या गळ्यातला पट्टा निसटला आणि तो एका मांजराच्या पाठी लागला. चाकणकडून नव्याकोऱ्या मोटारी लादून एक लांबलचक ट्रेलर येत होता. मी हाका मारल्या. गोड मारल्या, दरडावून मारल्या, शेवटी किंचाळलो. वाघ्याने कान देखील हलवला नाही. ट्रेलर करकचून थांबला, तो त्याच्या शेपटीपासून हातभर अंतरावर. चालकाने खिडकीतून डोके काढून माझ्या कुळाचा जो उद्धार केला, तो दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही. पण त्याचे काही चुकले नव्हते. घरी आल्यावर चहाची बशी माझ्या हातात ठरेना.

कुत्री शिकवणारा एक तरुण मुलगा मैदानावर येत असे. त्याला गाठले. तो म्हणाला, "काका, हाक मारल्यावर तो तुमच्याकडं वळला की लगेच 'शाब्बास' म्हणायचं, आणि एक-दोन सेकंदांत घास तोंडात गेला पाहिजे. उशीर केलात तर त्याला कळणारच नाही, बक्षीस वळण्याचं होतं की खाली बसून कान खाजवण्याचं." रशियातल्या पावलॉवला 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी; कुत्र्याच्या लाळेचा हिशेब करता करता त्याला घंटेचे आणि घासाचे नाते सापडले. पण पावलॉवची कुत्री प्रयोगशाळेत बांधलेली असत. त्याला खिशातून कलेजी काढावी लागत नव्हती.

घास केवढा? हरभऱ्याच्या दाण्याएवढा. कलेजी, पनीर, उकडलेले अंडे, काहीही चालते. मात्र ते रोजच्या खाण्यातून वजा करायचे, नाहीतर शिष्य विद्वान होण्याआधी लठ्ठ होतो. मनुके आणि चॉकलेट वर्ज्य. कांदाही वर्ज्य, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात. चाकणच्या कांद्यावर लहानाचा मोठा झालेल्या मला हे ऐकून थोडा अपमान वाटला, पण मान्य केले.

आता प्रश्न उरला तो घास ठेवण्याचा. खिशाचा निकाल वर सांगितलाच. मग प्लॅस्टिकची पिशवी घेतली. तिचा आवाज झाला की वाघ्या येई. आवाज न झाल्यास येत नसे. म्हणजे तो माझे नव्हे, पिशवीचे ऐकू लागला! पिंपरीच्या बाजारातून कमरेला बांधायचा चेनचा बटवा आणला. पण एका हातात दोरी, दुसऱ्या हातात चेन आणि चेनमध्ये अडकलेले अस्तर, अशी माझी स्थिती होई आणि तोवर वाघ्या बसून, कान खाजवून, कंटाळून निघून गेलेला असे. शेवटी एका दुकानात खास याच कामाची पिशवी मिळाली. किंमत ऐकून मी दुकानदाराला पुन्हा एकदा सांगायला लावले. पण तिचे तोंड इतके अरुंद, की रिकामा हात आत जाई आणि भरलेला बाहेर येत नसे. सुरईतल्या चण्यांसाठी हात अडकवून बसलेल्या माकडाच्या गोष्टीला मी लहानपणी फार हसलो होतो.

संत नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले असे सांगतात. त्यांचीही खरी अडचण वाटीचीच असावी, असे मला त्या दिवसांत वाटू लागले. तुपाची वाटी घेऊन धावायचे म्हणजे काय!

एके रात्री झोप येईना तेव्हा आई आठवली. खेड तालुक्यात आमचे चार तुकडे रान होते. वडील पाभर धरीत आणि आई मागून चालत चाड्यावर मूठ धरी. बाजरीचे बी तिच्या कमरेला खोचलेल्या ओटीत असे. बैल चालत, ढेकळे फुटत, मी बांधावरून काहीतरी ओरडत असे. पण आईची नजर कधी ओटीकडे गेलेली मला आठवत नाही. हात आपला जाई, मूठ भरून येई, आणि बोटांतून दाणा सरीत एकसारखा सुटत राही. ते रान पुढे औद्योगिक वसाहतीत गेले. मोबदला मिळाला, त्यात हे घर झाले. तक्रार करण्याला जागा नाही. मुलाची कंपनी तिथून जवळच आहे. कधी त्याच्या डब्यासाठी गेलो तर बांध कुठे होता ते मी मनात मोजू पाहतो आणि दरवेळी पार्किंगमध्येच चुकतो.

मला हवी होती ती ओटी. न पाहता हात जावा, मूठ मावावी, आणि धावताना सांडू नये.

मग टूलरूमचा माणूस जागा झाला. पेटीत नोकरीतली एक जुनी मोजपट्टी पडून होती. पोलादी, गुंडाळली जाणारी. तिचे वीतभर लांबीचे दोन तुकडे कापले. टोके कानशीने गोल केली, कारण कापलेली पट्टी पात्यासारखी लागते, आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. चिंचवडगावातल्या शिंप्याने जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, आतून धुता येईल असे रेक्झिन लावले, आणि तोंडाच्या दोन्ही कडांना नेफे काढून दिले. नेफ्यांत पट्ट्या समोरासमोर, खोलगट बाजू आत करून सरकवल्या. बोटांनी तोंड फाकले की पट्ट्या वाकतात. हात काढला की 'चट्' करून मिटतात. मागे कमरपट्ट्यासाठी दोन बंद. शिंप्याने विचारले, "काका, तंबाखूला एवढी मोठी चंची?" मी म्हटले, "तंबाखू नाही, भंडारा आहे." जेजुरीच्या वाघ्याच्या गळ्यात पूर्वी वाघाच्या कातड्याची भंडारपिशवी असे, हे त्याला ठाऊक होते. त्याने शिलाईचे पैसे मात्र पूर्ण घेतले.

दोन महिने रोज पहाटे मैदानावर आम्ही दोघे विद्यार्थी होतो. खरे सांगायचे तर वाघ्या आठवड्यात शिकला. उरलेला वेळ माझ्या हाताला लागला.

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. पहिल्या पाळीच्या बसगाड्या सुटण्याची वेळ. फटाक्याचा एक बार कुठेतरी उडाला, दोरी हातातून हिसकली आणि वाघ्या थेट रस्त्याकडे सुटला. मी एकदाच हाक मारली. फार मोठ्यानेही नाही. घसा कोरडा पडला होता. कडेच्या दगडापाशी तो थबकला. वळला. त्याच्या मागून बस निघून गेली. तो माझ्याकडे येत होता आणि माझा हात केव्हा पिशवीत गेला ते मला कळले नाही. पाहिले तेव्हा मूठ भरलेली होती. त्या दिवशी दाण्यादाण्याचा हिशेब मी मोडला. सगळी पिशवी त्याच्यापुढे रिकामी केली आणि तिथेच दगडावर बसून राहिलो.

घरी येऊन पिशवी उलटी करून नळाखाली धुतली. सौभाग्यवतींनी काही न विचारता ती माझ्या हातातून घेतली, झटकली आणि दोरीवर वाळत घातली. माझ्या लेंग्यापासून चांगली दोन हात दूर.