वीस बाजूंचा फासा

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या दप्तरात आत्ता चित्रांचे पत्ते आहेत? खरं सांगा हं! मी काही दप्तर तपासायला येत नाहीये. तशी मी तिसरीच्या वर्गाला शिकवते आणि पत्ते जप्त करण्यात माझा हातखंडा आहे. आमच्या लहानपणी पैलवानांचे पत्ते होते, आता पोकेमॉनचे आहेत, एवढाच फरक. पालकसभेत मी ठासून सांगत असे, “या पत्त्यांनी मुलं घुमी होतात.” 2023 च्या मे महिन्यापर्यंत हे वाक्य मी अगदी बिनधास्त म्हणत होते.

त्या सुटीत मी ताईकडे गेले. माझी ताई अमेरिकेत सिएटलजवळ राहते. आदल्याच वर्षी ते सगळे न्यू जर्सीहून तिकडे राहायला गेले होते, म्हणजे देशाच्या एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला. तिचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. नवी शाळा, नवी मुलं, जुने मित्र सुटलेले. पूर्वी फोनवर “मावशी, ऐक ना” म्हणून कान किटवणारा हा मुलगा आता घरातही मोजून चार शब्द बोलायचा. मात्र त्याच्या खोलीत पत्त्यांची खोकीच्या खोकी! ‘मॅजिक: द गॅदरिंग’ नावाचा खेळ.

“तू शिक्षिका आहेस ना? तूच सांग त्याला,” ताई पहिल्याच दिवशी म्हणाली. “हे असंच राहिलं तर एक दिवस ती खोकी विकून टाकणार आहे मी.”

मी म्हटलं, आधी खेळ बघून तरी येते. शुक्रवारी संध्याकाळी तो खेळांच्या दुकानात जायचा, त्याच्याबरोबर गेले. दुकान म्हणजे पुढे विक्रीचं सामान आणि मागे लांबलचक टेबलं. तिथे बसून खेळायची मुभा होती. शाळकरी मुलं होती, तशी टक्कल पडलेली माणसंही होती. दोघं दोघं समोरासमोर बसलेली, हातात पत्ते. प्रत्येक जण जादूगार, आणि हातातले पत्ते म्हणजे त्याचे मंत्र आणि त्याचे प्राणी. सुरुवातीला प्रत्येकाचे वीस प्राण असतात. ते आधी ज्याचे संपतील तो हरला. किती प्राण उरले ते मोजायला शेजारी वीस बाजूंचा एक फासा ठेवलेला. मार बसला की फासा वळवून आकडा कमी करायचा. पत्त्यांचे नियम पत्त्यांवरच छापलेले असतात, त्यामुळे बोलायचं कामच फारसं पडत नाही. “हल्ला.” “अडवला.” “झालं माझं.” संपलं संभाषण! मला वाटलं, ताईचंच बरोबर आहे.

पण अगदी मागच्या टेबलावर काही वेगळंच चाललं होतं. पाच-सहा जण एका टेबलाभोवती बसून हातवारे करत होते, ओरडत होते, हसत होते. त्यातला एक पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे बसला होता. गंमत म्हणजे पत्ते खेळणारी काही मुलं आपला डाव संपला की तिकडे जाऊन उभी राहायची, आणि तिकडचे दोघे जण मधल्या सुट्टीत इकडे येऊन पत्त्यांचा एक डाव टाकून जायचे. माझा भाचासुद्धा तिकडे पाहत होता. जात मात्र नव्हता.

“तू का नाही जात रे?”

“तिथं बोलावं लागतं गं, मावशी,” तो म्हणाला.

त्या मागच्या टेबलावरचा खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. आपण भातुकलीत आई होतो, चोर-पोलीस खेळताना चोर होतो, तसं इथे प्रत्येकाने गोष्टीतलं एक पात्र व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी भुरटा चोर. आडोशामागचा माणूस सूत्रधार. तो सांगतो, “समोर पडका किल्ला आहे, आतून धूर येतोय. काय करणार?” मग तुम्ही तोंडाने सांगायचं, मी काय करते ते. आता चोर-पोलिसात कायम काय भांडण होतं? “मी तुला गोळी मारली!” “हॅट, लागलीच नाही!” त्यावर या खेळात तोड काढली आहे. फासा टाका! मोठा आकडा पडला तर लागली, छोटा पडला तर हुकली. आणि हा फासा कोणता? तोच, वीस बाजूंचा.

दोन्ही खेळ एकाच छपराखाली का, हे मला थोडं दुकानाच्या मालकाने सांगितलं, थोडं मी नंतर वाचलं. गोष्टीचा खेळ थोरला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी तो रचला आणि 1974 मध्ये टीएसआर नावाच्या छोट्याशा कंपनीने छापला. पहिल्यांदा छापल्या फक्त 1000 प्रती. हा खेळ खेळणारे लोक पुढे मोठमोठ्या मेळाव्यांना जमू लागले. पण गोष्टीच्या खेळाला चार-चार तास लागतात आणि माणसंही चार-पाच लागतात. मग मधल्या रिकाम्या वेळात करायचं काय?

सिएटलच्या बाजूला पीटर ॲडकिसन नावाचा एक गृहस्थ होता. नोकरी बोइंग विमान कंपनीत आणि नाद गोष्टीच्या खेळांचा. त्याने 1990 मध्ये घराच्या तळघरात ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ ही कंपनी काढली. 1991 मध्ये त्याच्याकडे रिचर्ड गारफील्ड नावाचा गणिताचा विद्यार्थी आपला यंत्रमानवांच्या शर्यतीचा खेळ घेऊन आला. ॲडकिसन म्हणाला, हा छापायला फार खर्च येईल. मला असा खेळ हवा, जो खिशात मावेल आणि मेळाव्यात दोन कामांच्या मध्ये झटपट खेळता येईल. गारफील्डने 1993 मध्ये मॅजिक दिला. पहिल्या संचात पत्त्यांचे 295 प्रकार होते. सगळे कुणाकडेच नसायचे, म्हणून अदलाबदल आली. सुरुवातीच्या नियमांत तर प्रत्येकाने एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने तो कायमचा ठेवायचा, आपल्या गोट्यांसारखंच! लोकांना ते रुचलं नाही, तो नियम मागे पडला.

म्हणजे पत्त्यांचा खेळ जन्मला तो गोष्टवाल्यांचा फावला वेळ भरायला. पण धाकटा बघता बघता थोरल्यापेक्षा आडमाप वाढला. टीएसआरने 1994 मध्ये ‘स्पेलफायर’ हा स्वतःचा पत्त्यांचा खेळ काढून पाहिला, पण त्याला मॅजिकची सर आली नाही. पुढे टीएसआर कर्जात बुडाली (त्याची कारणं बरीच होती, सगळा दोष पत्त्यांचा नव्हे) आणि 1997 मध्ये ती विकत कुणी घेतली असेल? विझर्ड्स ऑफ द कोस्टने! पाहुण्याने यजमानाचं घरच विकत घ्यावं, तसं झालं. 2021 मध्ये तर मॅजिकचा एक अख्खा संच डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या दुनियेवर निघाला. त्यातले काही पत्ते खेळताना चक्क वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो.

बरं, दुसऱ्या शुक्रवारी काय झालं, ते राहिलंच. मागच्या टेबलावरचा एक जण आला नव्हता. सूत्रधाराने हाक मारली, “कुणी येता का?” भाचा खाली मान घालून पत्ते पिसत राहिला. मग काय, मीच उठले! माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं, बोलायला लागले की अडखळतं. मी भाच्याला म्हटलं, “चल, मी मराठीत सांगते, तू त्यांना सांग. मावशीला एकटी टाकणार का तू?” बिचारा आला.

मला जखमा बऱ्या करणारी एक बुटकी, दणकट बाई मिळाली. मी तिचं नाव ठेवलं गोदाक्का. सगळ्यांनी त्याचं ‘गोडाका’ केलं, ते असो. गोष्टीत आम्ही एका पुलाशी आलो. पुलावर एक राक्षस, कुणाला जाऊ देईना. बाकीच्यांनी तलवारी उपसल्या. मी भाच्याला म्हटलं, “विचार त्याला, सकाळपासून काही खाल्लंय का?”

त्याचे कान लालबुंद झाले. पण त्याने सांगितलं. टेबलावर एकच हशा पिकला आणि सूत्रधार म्हणाला, फासा टाका.

भाच्याने खिशातून आपला फासा काढला. समोरची मुलगी लगेच म्हणाली, “तो नको.” मला कळेना, वीस बाजू आहेत की! मग तिने दोन्ही फासे शेजारी ठेवून दाखवले. टाकायच्या फाशावर मोठे आणि छोटे आकडे विखुरलेले असतात. पत्तेवाल्यांच्या फाशावर मात्र 20 च्या शेजारी 19, त्याला लागून 18, असे ओळीने, कारण तो वळवत वळवत मोजायचा असतो. सगळे मोठे आकडे एकाच अंगाला आल्यामुळे ज्याच्या हातात कसब आहे तो लबाडी करू शकतो. (गणित शिकवते मी, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.) भाचा खट्टू झाला. फासा खिशात टाकून उठतो की काय, असं मला वाटलं. तिने आपला फासा त्याच्यापुढे सरकवला. त्याने टाकला. चौदा! राक्षस म्हणाला, तीन दिवस उपाशी आहे.

मी भाच्याच्या कानात सांगितलं, “म्हणावं, आमच्याकडे भाकरी आहे.” त्याने सांगायला सुरुवात केली आणि थांबेचना. भाकरी झाली, चटणी झाली. गोदाक्काच्या गावात उपाशी माणसाशी भांडत नाहीत, अशी रीतही झाली.

“अरे, मी हे म्हटलंच नव्हतं!”

“माहितीये,” तो म्हणाला आणि परत सूत्रधाराकडे वळला.

पत्त्यांची पाकिटं फोडण्याचा नाद मला आजही पटत नाही. आत काय निघेल ते माहीत नसताना पैसे घालायचे, हे लॉटरीसारखंच वाटतं. ते मी त्याला दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगितलं. महिन्याला किती पाकिटं ते त्या दोघांनी बसून ठरवलं. खोकी मात्र राहिली.

त्या रात्री नऊ वाजता ताई गाडी घेऊन न्यायला आली. भाचा पुढच्या सीटवर बसला आणि पट्टा लावायच्या आधीच म्हणाला, “आई, ऐक ना, एक राक्षस होता...” राक्षस झाला, पूल झाला, भाकरी झाली. मध्येच मागे वळून त्याने मला विचारलं, “मावशी, राक्षसाच्या बायकोला काय म्हणतात गं?” ताई काहीच बोलत नव्हती. नुसती ऐकत गाडी चालवत होती, आणि आमच्या घराचं वळण केव्हाच मागे गेलं होतं.